पुण्यात घडलेली दुर्बीण सूर्यासमोर थंड कशी राहते?

‘आदित्य-एल१’ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रोच्या सहकार्याने तयार केली. तिथे सूर्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १,४०० वॉट ऊर्जा पडते आणि उष्णता वाहून न्यायला हवा नसते. उष्णता अवकाशात टाकण्याचा एकच मार्ग उरतो: प्रारण.

असे उपकरण घडवण्याआधी त्याचे तापमान संगणकावर अजमावतात. सॉफ्टवेअर उपकरणाचे हजारो बारीक तुकडे करते. बाहेरच्या पृष्ठभागावरून किती उष्णता निघेल, हे मात्र अभियंत्यानेच सांगायचे असते. नवखे इथेच फसतात. हवेने थंड होणाऱ्या वस्तूत तापमानातला फरक मोजतात, त्यामुळे सेल्सिअस काय नि केल्व्हिन काय, उत्तर तेच. प्रारण मात्र केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर चालते. २० अंश सेल्सिअसचा, म्हणजे २९३ केल्व्हिनचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ४१८ वॉट बाहेर टाकतो. सॉफ्टवेअरने तेच ‘२०’ केल्व्हिन समजून घेतले, तर उत्तर एका वॉटच्या शंभराव्या भागाहूनही कमी! पडद्यावरचे रंगीत चित्र तरीही सुबकच दिसते.

पृष्ठभागाचा रंगही तितकाच महत्त्वाचा. चकचकीत ॲल्युमिनियम काळ्या रंगाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतकी उष्णता सोडते. यान गेल्यावर रंग बदलता येत नाही. म्हणून अशी उपकरणे उड्डाणापूर्वी निर्वात कक्षात तापवून आणि गोठवून संगणकाचे आकडे ताडून पाहतात.