खाजगीत विकलं, मग जाहीर कशाला?

एका नाण्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेचे पहिले चांदीचे डॉलर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून १५ ऑक्टोबर १७९४ रोजी बाहेर पडले. एकूण १,७५८. टांकसाळीतलं यंत्र एवढ्या मोठ्या नाण्यासाठी अपुरं होतं, त्यामुळे बरीच नाणी पुसट उमटली. पण त्यातलं एक असं आहे की त्यावरच्या मोकळ्या केसांच्या लिबर्टीची बट न् बट दिसते. वजन कमी भरत होतं म्हणून ठसा मारायच्या आधी मधोमध चांदीची बारीक खुंटी ठोकलेली. आत चांदी किती? साधारण २४ ग्रॅम.

२०१० साली हे नाणं खाजगी व्यवहारात विकलं गेलं. आकडा जाहीर झाला: ७८ लाख ५० हजार डॉलर. त्याआधीचा विक्रम होता २००२ सालचा. १९३३ च्या सोन्याच्या 'डबल ईगल'ला न्यूयॉर्कच्या लिलावात ७५ लाख ९० हजार २० डॉलर मिळाले होते. (वरचे २० डॉलर म्हणजे त्या नाण्याची दर्शनी किंमत. ती सरकारजमा केल्यावरच ते कायदेशीर नाणं झालं. हिशोब म्हणजे हिशोब!) झालं, जगातलं सगळ्यात महाग नाणं म्हणून १७९४ च्या डॉलरचं नाव सगळीकडे छापून आलं.

अशी बातमी आली की नाणेसंग्राहकांच्यात दोन तट पडतात. हे दर वेळेला होतं, नाणं कुठलंही असो. पहिला तट टाळ्या वाजवतो. वा वा, आपल्या छंदाला चांगले दिवस आले, आता आपल्याही डब्यातल्या नाण्यांचे भाव चढणार! दुसरा तट म्हणतो, सगळं झूट आहे, पैसे कोणी मोजताना पाहिले का?

माझं म्हणणं असं की दोन्ही तट चुकीच्या गोष्टीवर भांडतायत.

आधी एक कबूल करतो. खाजगी विक्रीत वाईट काही नाही. माझी वस्तू मी कोणाला आणि कितीला विकली हे गावाला सांगायची सक्ती माझ्यावर नाही. खरेदीदाराने नाव लपवलं तरी हरकत नाही. त्या १९३३ च्या डबल ईगलचा मालक कोण, हे जगाला तब्बल १९ वर्षांनी, २०२१ मध्ये ते पुन्हा लिलावात आलं तेव्हा कळलं. तेव्हा त्याला १ कोटी ८८ लाख ७२ हजार २५० डॉलर मिळाले. नाव गुप्त होतं म्हणून २००२ चा आकडा कोणी खोटा ठरवला नाही. कारण तो आकडा भर दालनात, लोकांच्या डोळ्यांदेखत ठरला होता.

म्हणजे नाव गुप्त ठेवणं वेगळं आणि भाव गुप्तपणे ठरवणं वेगळं.

लिलावातल्या भावाला एक साक्षीदार असतो. हरलेला माणूस. नाणं दहा रुपयाला गेलं याचा अर्थ दुसरा कोणीतरी साडेनऊपर्यंत आला होता. खाजगी व्यवहारात हा हरलेला माणूसच नसतो. एकाने मागितले, एकाने दिले. बदल्यात दुसरी नाणी दिली का, हप्ते ठरले का, दलाली कोणी भरली, यातलं काही बाहेर येत नाही. बाहेर येतो फक्त आकडा, तोही ज्यांना तो बाहेर यायला हवा असतो त्यांच्याकडून. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात. चालत असेलही बाबा, पण तेवढ्यावर रिलीज करत नाहीत!

आता कोणी म्हणेल की लिलाव तरी कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? बरोबर आहे. राखीव किमतीच्या खाली लिलाववालाच विक्रेत्याच्या वतीने बोली लावू शकतो. प्रीमियमची गंमत तर विचारूच नका. हाच १७९४ चा डॉलर जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात आला आणि १ कोटी १६ हजार ८७५ डॉलरला गेला. एक कोटीच्या पुढे गेलेलं पहिलं नाणं! पण हातोडा पडला ८५ लाख २५ हजारांवर. वरचे १४ लाख ९१ हजार ८७५ हा साडेसतरा टक्के प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्याचा. फरक एवढाच की हे गणित मला इथे बसून करता येतं. नियम छापलेले असतात, हातोडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. लिलावात खोट असली तरी ती तपासायला जागा आहे. खाजगी विक्रीत खोट नसली तरी तसं दाखवायला जागा नाही.

आणि खरं सांगायचं तर २०१० च्या आकड्याला २०१३ च्या लिलावाने पाठिंबाच दिला. 'सगळं झूट' म्हणणारे तोंडावर पडले. पण गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये लास वेगासला हेच नाणं पुन्हा लिलावात ठेवलं. बोली राखीव किमतीपर्यंत पोचलीच नाही, नाणं मालकाकडे परत गेलं. पुढे २०२२ च्या सुरुवातीला बातमी आली की खाजगी व्यवहारात ते १ कोटी २० लाख डॉलरला गेलं.

आता बोला. हा आकडा खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मनासारखं नाणं दिसल्यावर माणूस काय मोजेल याचा नेम नाही. मी एवढंच विचारतो की या नाण्याचा 'भाव' काय? भर बाजारात बोली जिथे थांबली तो, की बंद दाराआड एकाने दिला तो? दुसरा आकडा म्हणजे एका माणसाची हौस. हौसेला मोल नाही म्हणतात, तशी हौस म्हणजे बाजारभावही नाही.

तुम्ही म्हणाल, त्या अब्जाधीशांच्या खेळाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो मी नऊ हजार रुपये मोजून शिकलोय.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका डीलरने मला एक शिवराई दाखवली. तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची माळ. म्हणाला, "साहेब, अक्षरांची ठेवण बघा. असली शिवराई गेल्याच महिन्यात मुंबईच्या पार्टीने खाजगीत पंचवीस हजाराला नेली. तुम्ही नेहमीचे, तुम्हाला नऊला देतो."

मी विचारलं, "काका, कोणती पार्टी?"

"ते नाही सांगता यायचं साहेब. खाजगीतलं आहे ना!"

मी घेतली. वर्षभराने एका लिलावाच्या निकालात अगदी तशीच शिवराई दिसली, माझ्यापेक्षा जरा बऱ्या अवस्थेतली. २,२०० रुपये. काका खोटं बोलला असं मी आजही सिद्ध करू शकत नाही. खाजगी भावाची हीच तर मेख आहे!

याच्या खालची पायरी तर आणखी वाईट. 'हे नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील' असल्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. त्यातही हेच असतं: कोणीतरी, कुठेतरी, खाजगीत दिले म्हणे. मग एखाद्या घरातली आजी व्हिक्टोरियाचा रुपया घेऊन फोन करते आणि पलीकडचा माणूस आधी कमिशन आणि टॅक्स भरायला सांगतो. हा प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी पैसे मागणाऱ्यांना बळी पडू नका, आम्ही असल्या व्यवहारात नाही.

लाखांची विक्री करणारा तो विक्रेता आणि आजीला फसवणारा भामटा एकच, असं मला म्हणायचं नाही. पण 'अमक्याने खाजगीत एवढे दिले' हे वाक्य पुरावा म्हणून चालतं, ही सवय आपणच लावून घेतलीय. टाळ्या वाजवून.

तेव्हा संग्राहक मंडळींनो, साधं करा. खाजगी विक्रीचा आकडा ऐकला की वेगळ्या रकान्यात लिहा, लिलावाच्या रकान्यात मिसळू नका. त्याला विक्रम म्हणू नका. तो दाखवून कोणी भाव सांगितला, तर गेल्या दोन-तीन लिलावांचे निकाल मागा. नाही दिले तर नाणं प्रेमाने परत ठेवा आणि चहा पिऊन निघा.

आणि विकणाऱ्यांना एकच विनंती. व्यवहार खाजगी ठेवायचाय? खुशाल ठेवा, तुमचा हक्क आहे. पण मग आकडाही खाजगीच ठेवा. आकडा जाहीर करायचा असेल तर तो कसा ठरला हेही सांगा. नुसता आकडा तेवढा जाहीर, याला आमच्याकडे जाहिरात म्हणतात.

असो. शिवराई अजून माझ्याकडेच आहे. कोणी विचारलं तर मी तिची किंमत २,२०० सांगतो. उरलेल्या ६,८०० ना मी शिकवणीची फी समजतो.