कोशिंबिरीचा हिशेब

आपल्या सोलापुरात कडक भाकरी अन् शेंगांची चटणी असली की जेवण झाले. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसाने दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळे खावीत. आम्ही घरचा हिशेब मांडला, तर निम्मेही भरेना.

मग नेम धरला : रोज एक कच्ची भाजी, बाजारात स्वस्त असेल ती. कधी काकडी, कधी गाजर, कधी पाल्यासकट मुळा, तर कधी कोवळी मेथी, कांदा अन् शेंगदाण्याचे कूट. भाजी स्वच्छ धुवावी, जेवतेवेळीच चिरावी, मीठ बेताचे घालावे. वर लिंबू पिळावे. त्याने भाकरी-पालेभाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने ते लोह वाया जाते.

एक चूक आमच्याही घरी झाली. वाटी आम्ही अन् पोरेच संपवायचो. शेवटी जेवणारीला उरे नुसती चटणी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणून भगिनींनो, आधी आपला वाटा काढून ठेवा. आणि बंधूंनो, काकडी आपणच चिरू या!