सूटरच्या पायांची मजुरी

खेळाडूंच्या बदल्यांचे आकडे जाहीर झाले की पैशाने फुटबॉल नासला, अशी ओरड सुरू होते. फर्गस सूटरने ती 1880 च्या सुमारासच ऐकली होती.

ग्लासगोचा हा पाथरवट पार्टिक क्लबकडून खेळायचा. 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, शहरातली बांधकामं थंडावली. त्याच वर्षी सूटर लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणीच्या गावात आला. इथला दगड फार कठीण आहे, असं सांगून त्याने लवकरच छिन्नी-हातोडा खाली ठेवला. मग त्याचं पोट कशावर चालतं, हे गावाला वेगळं सांगावं लागलं नाही.

1879 मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत डार्वेनची गाठ इटन या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी पडली. 5-1 ने मागे पडलेल्या कामगारांनी 5-5 अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळायला प्रतिस्पर्धी तयार झाले नाहीत. फेरसामन्यासाठी डार्वेनलाच पुन्हा लंडन गाठावं लागलं. तोही 2-2 असा सुटल्यावर आणखी एकदा. प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली. तिसरा सामना डार्वेन 6-2 असा हरला. पैशासाठी खेळू नये, हा नियम ज्यांना रोजंदारी बुडण्याची भीती नव्हती त्यांनाच परवडणारा होता. सूटरला भाडोत्री म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

पुढे तो शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला, तेव्हा डार्वेनचे लोक संतापले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण चांगली मजुरी मिळते तिथे कारागीर जाणारच. एकट्याने चेंडू रेटत न्यायचा आणि बाकीच्यांनी मागे धावायचं, हा तेव्हाचा इंग्लिश खेळ. सूटरसारख्या स्कॉटिश खेळाडूंनी पासवर उभा राहिलेला सांघिक खेळ आणला. रोव्हर्सने 1884, 1885 आणि 1886 असा सलग तीन वेळा कप जिंकला. तिन्ही वेळा बचावफळीत सूटर होता.

1882 मध्ये एफए या इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने खर्च आणि बुडालेली मजुरी सोडून काहीही देण्यावर बंदी घातली होती. याच कारणावरून 1884 मध्ये प्रेस्टन क्लबला कपमधून बाहेर काढलं. उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले, तेव्हा कुठे जुलै 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. स्कॉटलंडने त्यासाठी 1893 पर्यंत वेळ लावला. तोवर तिथले कितीतरी कसलेले खेळाडू इंग्लंडला निघून गेले होते.