फुकटची बीप बंद, विकतची बीप चालू

रमजानच्या आधी मावसभावाचा फोन आला. तो खेडचा. भाड्याची गाडी चालवतो. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांना मुंबईच्या विमानतळावरून घ्यायचं, गावी सोडायचं, मधेच पुण्याचं एखादं भाडं मिळालं तर तेही करायचं. खबरबात विचारून झाल्यावर मुद्द्यावर आला. "भाईजान, तू इंजिनीअर आहेस. रडार डिटेक्टर कोणता घेऊ?"

सहा महिन्यांत त्याला चार ई-चलनं आली होती, त्यातली तीन मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची. हलक्या वाहनाला वेगमर्यादा मोडल्याचा दंड २००० रुपये, म्हणजे एकूण ८००० रुपये. त्याने पसंत केलेला डिटेक्टर वीस हजारांच्या पुढे होता. हिशोब त्यालाही कळत होता, पण त्याचं म्हणणं, "एकदा घेतला की कायमची कटकट गेली." त्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला मुळात ८० चा स्पीड गव्हर्नर असायला हवा. तो कुठे गेला असं विचारल्यावर त्याने खालाच्या तब्येतीचा विषय काढला.

मी त्याला लगेच नको म्हणालो नाही, कारण एक डिटेक्टर माझ्याकडेही आहे. २०१७ मध्ये अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून मी तो घेतला होता. तेव्हा लग्न नवीन, गाडी नवीन आणि दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून मुंबईला सासरी जाणं. काचेला चिकटवलेला तो काळा डबा बघून मला विमान चालवत असल्यासारखं वाटायचं.

हे यंत्र करतं काय, ते आधी सांगतो. पोलिसांचं रडार रेडिओलहरी सोडतं. त्या गाडीवर आपटून परत येतात आणि गाडी चालती असेल तर परतलेल्या लहरींची वारंवारता थोडी बदललेली असते. त्या फरकावरून वेग निघतो. डिटेक्टर हा फक्त रेडिओ रिसीव्हर. तो स्वतः काही मोजत नाही, ठरावीक पट्ट्यांतल्या लहरी कानावर आल्या की ओरडतो. खोक्यावर तीन पट्ट्यांची नावं मोठ्या अक्षरांत असतात. एक्स म्हणजे १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, के म्हणजे २४ च्या आसपास, आणि केए म्हणजे साधारण ३३ ते ३६. एक्स पट्टी आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे आणि केए ही मुख्यतः अमेरिकन पोलिसांची. म्हणजे त्या खोक्यावरची निम्मी फुशारकी अमेरिकेच्या रस्त्यांसाठी आहे. तिथेही व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन डीसीत डिटेक्टरला बंदीच आहे.

उरली के पट्टी. तिची गंमत अशी की मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे त्याच पट्टीत बोलतात, आणि शेजारून गाडी आली की आरशात दिवा लावणारे कितीतरी सेन्सरही. आमच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. ऑफिसात असा अलर्ट आला की तो बंद करून आपण पुढे जातो. ताशी ८५ ला घाटात तसं जमत नाही.

त्या दिवशी आम्ही बोरघाट उतरत होतो. बायको शेजारी. डबा ओरडला आणि डोक्याने विचार करायच्या आत पायाने ब्रेक दाबला, पूर्ण. मागे टँकर होता. त्याचा हॉर्न आणि टायरांचा आवाज एकदमच आला. तो डावीकडच्या लेनमध्ये सरकला आणि आमच्या शेजारून निघून गेला. ती लेन त्या क्षणी रिकामी होती, एवढंच. पुढे दोन किलोमीटर बघत गेलो, कॅमेरा नव्हता, पोलीस नव्हते, काहीच नव्हतं. पुढच्या एखाद्या गाडीचा सेन्सर असावा. बायको खोपोलीपर्यंत बोलली नाही. नंतर एकच वाक्य म्हणाली, "ते काढ." मी काढलं, पण तिचं ऐकून शहाणा झालो असं मात्र नाही. दोन महिन्यांनी एकटा जाताना परत लावलंच. त्या खेपेला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या व्हॅनने मला ११८ वर पकडलं आणि डबा गप्प राहिला.

गप्प राहिला कारण व्हॅनमध्ये रडार नव्हतं, लेझर गन होती. तिचा किरण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा असतो आणि इतका अरुंद की तीनशे मीटरवरही त्याचा ठिपका साधारण मीटरभराचाच. तो तुमच्या पुढच्या गाडीवर पडत नाही, थेट तुमच्यावर पडतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत मोजणी संपते. लेझर ओळखणारे महागडे डिटेक्टर मिळतात. ते ओरडतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की तुमचा वेग मोजून झाला. माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो आणि १०० च्या वेगात तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते.

मावसभावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण एक्स्प्रेसवेवर तर कमानीवरचे कॅमेरे आहेत." बरोबर आहे. २०२४ पासून तिथे नवी यंत्रणा चालू आहे, आणि तिचा एक भाग डिटेक्टरला पूर्ण निरुपयोगी करतो: सरासरी वेग. पहिल्या कमानीवर नंबरप्लेट वाचली जाते, पुढच्या एका कमानीवर परत वाचली जाते, आणि मधलं अंतर भागिले वेळ. समजा दोन कमानींत १० किलोमीटर अंतर आहे. १०० च्या मर्यादेत त्याला सहा मिनिटं लागायला हवीत. तुम्ही पाच मिनिटांत पोचलात तर सरासरी १२०, मग दोन्ही कमानींखालून कितीही सभ्यपणे जा. नंबरप्लेट वाचायला रडार लागत नाही. हे प्रोग्रॅम माझ्या टीममधला पहिल्या वर्षाचा मुलगाही लिहील. (जॅमर नावाची वस्तूही कोणीतरी सुचवेलच. परवान्याशिवाय लहरी सोडून दुसऱ्याच्या लहरी बंद पाडणं हा सरळ गुन्हा आहे. त्यावर चर्चा नको.)

आणि हे सगळं कशासाठी? एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. पूर्ण अंतर १०० ने गेलात तर सुमारे ५७ मिनिटं, १२० ने ४७. मधे घाट आहे, तिथे कारला ६० ची मर्यादा, आणि टोलनाके, ट्रक वगैरे. म्हणजे ती दहा मिनिटंही कागदावरचीच. उलट १२० च्या गाडीत १०० च्या गाडीपेक्षा ४४ टक्के जास्त ऊर्जा असते. ती ब्रेकला झेलावी लागते, नाहीतर समोरच्या वस्तूला.

आता मला खरंच हसू येणारी गोष्ट. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये वेगाची सूचना देणारा बझर सक्तीचा आहे. ८० च्या पुढे थोड्या थोड्या वेळाने टुंग, १२० च्या पुढे सलग. आपल्या ओळखीतले किती जण गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात गॅरेजवाल्याकडे जातात? "ती टुंग-टुंग बंद करून दे." वायर काढायची, आणि मग वीस हजार देऊन बीप-बीप विकत आणायची. पहिला आवाज तुमचा वेग सांगतो म्हणून नकोसा, दुसरा पोलिसाची जागा सांगतो म्हणून हवासा. मावसभावाच्या गाडीचीही वायर काढलेली आहे, हे त्याने नंतर कबूल केलं.

त्याच्या गाडीत बसणाऱ्यांचंही नवल वाटतं. दुबईत बोर्डावरच्या आकड्यापेक्षा वीसने पुढे गेल्यावर रडार फोटो काढतं, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. अबुधाबीने ही सवलत २०१८ मध्ये काढली, तेव्हा बोर्डावरचा आकडा हाच शेवटचा हेही सगळ्यांनी निमूट स्वीकारलं. सौदीत 'साहेर'चा कॅमेरा म्हटलं की भलेभले सरळ होतात. अमिरातीत डिटेक्टर बाळगायलाच बंदी आहे. तीच माणसं विमानातून उतरतात, मागच्या सीटवर बसतात आणि पेण सुटलं की सुरू होतं, "जरा दाब रे, सहेरीला घरी पोचायचंय." चलन मात्र गाडीवाल्याच्या नावावर येतं.

या मासिकाच्या वाचकांना मी एक गोष्ट वेगळी सांगेन. तुमच्यापैकी अनेकांना नाक्यावर थांबवलं गेलं असेल. लायसन्सवरचं नाव वाचून समोरच्याचा आवाज बदलल्याचं, 'तुम्ही'चं 'तू' झाल्याचं आणि मग डिकी उघडायला सांगितल्याचं मला आठवतं. माझ्यासोबतच्या मित्राचं नाव वेगळं होतं, त्याच्या गाडीची डिकी कोणी उघडायला लावली नाही. कॅमेरा लायसन्स वाचत नाही. तो एमएच ०८ च्या पुढचे आकडे वाचतो. मला हा बदल हवा आहे. नाक्यावरच्या माणसाच्या मर्जीपेक्षा मोजलेला वेग मला परवडतो, म्हणून त्या यंत्राला चकवायला पैसे खर्च करणं मला पटत नाही.

पण यंत्र चुकतं, आणि चुकलं की ऐकूनही घेत नाही. आपली शक्ती तिथे लागली पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यानुसार अशा प्रत्येक उपकरणाला अचूकतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. जिथे कॅमेऱ्याची नजर आहे त्याच्या आधी ठळक दिसेल असा सूचनाफलक हवा. गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस हवी. चलनासोबत नंबरप्लेट दिसेल असा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं. म्हणजे डिटेक्टर जी सूचना वीस हजारांना विकतो, ती रस्त्यावर फलक लावून फुकट देणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. एखाद्या ठिकाणी फलक झाडामागे गेला असेल, तर तिथला फोटो आणि अर्ज आपल्यापैकी कोणीतरी करायला हवा. माहितीच्या अधिकारात कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र मागता येतं. आपल्याकडे चलन आलं की दोनच प्रतिक्रिया असतात. एक तर न बघता भरायचं, नाहीतर लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून साठवत बसायचं. फोटो उघडून बघणारे कमी.

मावसभावाला मी चारही चलनं उघडायला लावली. फोनवर बसून एकेक पाहिलं. तिन्ही एक्स्प्रेसवेची त्याचीच: ११४, ११९ आणि घाटात ८३. चौथ्यातली गाडी त्याची नव्हतीच. पांढरीच होती, पण दुसऱ्या कंपनीची, आणि नंबरप्लेटवरच्या ८ ला यंत्राने ३ वाचलं होतं. चार महिने ते चलन त्याच्या फोनमध्ये पडून होतं. त्याने तक्रार टाकली, सोबत गाडीचे आणि आरसी बुकचे फोटो जोडले. तीन आठवड्यांनी ते रद्द झालं. बाकीचे सहा हजार भरले.

टुंग-टुंगची वायर त्याने अजून जोडलेली नाही. "गिऱ्हाईक वैतागतात," म्हणतो. डिटेक्टरही घेतला नाही, पण गेल्या आठवड्यात परत फोन आला. "भाईजान, तुझा तो जुना पडूनच असेल ना? मलाच दे." मी दिला नाही. तो कपाटात वरच्या खणात आहे, जुन्या चार्जरांच्या पिशवीत, आणि बायकोला तो माहीत आहे.