परवाना होडीला, पाटीवालीला काय?

मैत्रिणींनो, बोदवडला समुद्र नाही. पण बाजाराच्या दिवशी सुकट-बोंबलाच्या ढिगापुढे आपण बसतोच. म्हणून समुद्रावरच्या परवान्यांशी खानदेशातल्या बायकांना काय करायचे, असे कोणी म्हणू नये.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. त्यापुढे केंद्राचा अधिकार. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. त्याखाली परवाना मिळतो तो नोंदणी झालेल्या नौकेच्या मालकाला. कर्नाटकातले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या पाण्यात घुसतात, मालवणचे छोटे मच्छीमार संतापतात, गस्त मागतात. 2021 साली कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. ते हवेच होते.

पण दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्या बाईची पाटी त्या दिवशी रिकामी राहिली, तिच्या हातात काय पडते? मासळी निवडायची, खारवायची, वाळवायची, डोक्यावरून बाजारात न्यायची, हे सारे बाईचे. होडी मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर. आपल्याला हे नवे नाही. निंदणी आपली, कापूस वेचणी आपली, आणि सातबारा नवऱ्याचा! कागदावर नाव नाही म्हणजे नुकसानही नाही, हाच सरकारी हिशेब.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या पैदाशीसाठी ती बंदी योग्यच. पण होडी किनाऱ्याला लागली की विकणारीची चूलही थंडावते, हे कोण मोजणार?

आणखी एक. हे भांडण 'आपले' आणि 'परराज्यातले' असे रंगवले जाते. मालपेच्या बंदरावर मासळी निवडणारी बाई आपली वैरी नाही. समुद्र खरवडून नेणारा मोठा मालक इकडचा असो की तिकडचा, त्याला आवरा.

आमची मागणी सरळ आहे. मासळी वाळवणाऱ्या, विकणाऱ्या बायकांची मच्छीमार म्हणून स्वतंत्र नोंद करा. नियम ठरवताना ज्या समित्यांचा सल्ला घेता, त्यांत त्यांना बसवा. दंडातला वाटा नुकसान झालेल्या घरांना, बाईच्या नावाने द्या. बंदीच्या काळातली मदत तिलाही द्या.

गटागटांतून ठराव करा, मत्स्यव्यवसाय विभागाला पाठवा. समुद्र दूर असेल, पण अन्याय ओळखीचा आहे.