चिकाचा हलवा

उन्हाळ्यात आमच्या धंतोलीत गच्चीवर कुरडया घालण्याचा बेत असला की वाटीभर गरम चीक हा आम्हा मुलांचा हक्कच असे. याच चिकाचा हलवा ज्यूंच्या नववर्षाला, रोश हशानाला, करतात हे मला कळले ते रेल्वेच्या बदलीवर शेजारी राहायला आलेल्या एका बेने इस्रायली कुटुंबामुळे. मूळचे अलिबागकडचे लोक. मराठी आमच्याहून गोड.

त्या सप्टेंबरात काकूंनी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून चीक काढला. त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत बसायचे. एकीचा हात भरून आला की दुसरीने पुढे व्हायचे. माझी आईही पाळीला बसली. ‘‘गाईचे दूध का नाही हो?’’ तिने विचारले. ‘‘आमच्यात मटणाबरोबर दुधाचे चालत नाही, आणि सणाला मटण तर हवेच!’’ धर्माचा नियम कोकणच्या माडाने असा सोपा करून टाकला होता. नागपुरात नारळ विकत आणावे लागतात, ही मात्र काकूंची कायमची तक्रार.

पुढे मुलाच्या साखरपुड्याला त्यांनी प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा केला. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. तर्रीपोह्यांवर वाढलेले माझे वडील गोड पोहे पाहून गोंधळलेच.

मराठी खाद्यजीवन म्हटले की आपण मालवणी, सावजी, कोल्हापुरी अशी नावे घेतो. ही चूल त्यांत क्वचितच येते. वास्तविक 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादाच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका वल्हांडणाची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास तर या समाजात ‘बिरड्याचा रोजा’ म्हणूनच ओळखला जाई. आता यापेक्षा मराठी ते काय असायचे? 1948 नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. राज्य सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते योग्यच झाले. पण पातेल्यातले प्रमाण सरकारी कागदावर उतरत नाही. ज्यांच्या ओळखीत अशी एखादी काकू अजून आहे, त्यांनी वही घेऊन तिच्याजवळ बसावे.

मी बसले नाही. काकूही इस्रायलला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात कुरडयांचा चीक उरला म्हणून हलवा करून पाहिला, तर तळाला लागला. ढवळायला मी एकटीच होते.