विश्लेषण : डॅनियल बून यांचे पूर्वज शोधताना रिकामी चौकट का जपायची?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी मंजूर झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी, १४ जुलैला, केंटकीतल्या बून्सबरो या वस्तीजवळच्या नदीतून जेमिमा बून आणि तिच्या दोन मैत्रिणींना शॉनी व चेरोकी योद्ध्यांनी पळवून नेले. जेमिमाचे वडील डॅनियल बून यांनी माग काढत जाऊन मुलींची सुटका केली. माग काढण्यासाठी त्यांनी वाकलेल्या फांद्या आणि चिखलातले पायांचे ठसे पाहिले. आज याच घराण्याचा माग हजारो लोक संगणकावर काढतात आणि एका क्लिकवर दहा पिढ्या मागे जातात. त्या वाटेवरचे सगळे ठसे खरे आहेत का, हा या लेखाचा विषय आहे.

घराणे कोणते आणि निवड का?

‘फ्रंटियर’ म्हणजे वसाहतींच्या पश्चिम सरहद्दीवरचा मुलूख. तिथल्या पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांपैकी बहुतेक घराण्यांचे कागद तुटपुंजे आहेत. बून घराणे हा त्याला अपवाद. डॅनियल यांचे आजोबा जॉर्ज बून (तिसरे) हे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचे विणकर. आधी त्यांनी तीन मोठ्या मुलांना पेनसिल्व्हेनियात पाठवले आणि १७१७ मध्ये उरलेल्या कुटुंबासह स्वतः गेले. १७४४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या मागे ८ मुले, ५२ नातवंडे आणि १० पतवंडे होती.

त्या ५२ नातवंडांपैकी एक डॅनियल. त्यांचे वडील स्क्वायर बून आणि आई सारा मॉर्गन यांचे लग्न १७२० मध्ये झाले. इथेच पहिली मेख आहे. इंग्रजीत ‘स्क्वायर’ ही जमीनदाराची पदवीही असते, पण इथे ते चक्क पाळण्यातले नाव आहे. डॅनियल यांच्या एका भावाचे नावही तेच. जॉर्ज तर पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. सर्चबॉक्समध्ये नाव टाकून पुढे जाणाऱ्याची गल्लत इथून सुरू होते.

इतकी माहिती टिकली कशी?

याचे श्रेय क्वेकर पंथाच्या वह्यांना जाते. हा पंथ जन्म, लग्न, स्थलांतर आणि सदस्यांच्या चुका यांची नोंद नेमाने ठेवत असे. मुलीने पंथाबाहेर लग्न केले म्हणून स्क्वायर यांना १७४२ मध्ये जाहीर दिलगिरी द्यावी लागली. पुढे मुलगा इझ्राएल यानेही तेच केले. या वेळी वडिलांनी माफी मागितली नाही आणि १७४८ मध्ये त्यांना पंथातून काढण्यात आले. दोनच वर्षांत कुटुंब नॉर्थ कॅरोलिनातील याडकिन खोऱ्याकडे निघाले. त्या काळी ही नोंद शिक्षेचा भाग होती. वंशशोधकाला मात्र तिच्यातून नाते, वर्ष आणि स्थलांतरामागचे एक संभाव्य कारण एकत्र मिळते.

दुसरा आधार घरातलाच आहे. डॅनियल यांचे काका जॉन बून यांना जितके ठाऊक होते तितके, पुतणे जेम्स यांनी १७८८ मध्ये लिहून काढले. ही वंशावळ पहिल्या जॉर्ज बूनपाशी सुरू होते आणि त्याच्या मागे जात नाही. माहिती संपली तिथे लेखणी थांबली.

तारखांचेही बघा. डॅनियल यांचा जन्म २२ ऑक्टोबर १७३४ चा की २ नोव्हेंबरचा? दोन्ही बरोबर. ब्रिटिश मुलखात १७५२ मध्ये कॅलेंडर बदलले आणि अकरा दिवस गळाले. पहिली तारीख जुन्या कॅलेंडरची, दुसरी नव्याची. हे माहीत नसलेला माणूस एकाच डॅनियलचे दोन करू शकतो.

सरहद्दीवर कागद विरळ का?

डॅनियल आणि रिबेका ब्रायन यांचे लग्न १७५६ मध्ये झाले, तेव्हा क्वेकरांची वही मागे पडली होती. यापुढे आधार उरतो तो जमिनीचे व्यवहार, करयाद्या, मृत्युपत्रे आणि कोर्टाच्या कज्ज्यांचा. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे आहे, बाकी सगळे नुसते आकडे. त्यातही केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता आणि त्या वर्षीच्या त्याच्या याद्या आज उपलब्धच नाहीत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव प्रथम १८५० मध्ये नोंदले गेले. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हा रकाना तर १८८० मध्ये आला. म्हणजे १८५० च्या यादीत एका घरात राहणारी मुले त्याच दांपत्याची आहेत, हा आपला अंदाज असतो. ती यादी तसे म्हणत नाही.

म्हणून मुरलेले वंशशोधक एका माणसामागे न लागता त्याच्या भोवतीची माणसे शोधतात. खरेदीखतावर साक्षीदार कोण, शेजारची जमीन कोणाची, कोणाची मुले कोणाच्या घरात दिली? सरहद्दीवरचे लोक नातेवाईक आणि शेजारी यांच्यासह टोळीनेच सरकत. बून आणि ब्रायन ही याडकिन खोऱ्यातली शेजारची घराणी केंटकीतही एकमेकांच्या आसपासच सापडतात.

मग चूक शिरते कुठे?

मी इंजिनीअर आहे. डेटाबेसच्या पहिल्या तासाला शिकवलेली एक गोष्ट या कामात रोज आठवते : माहिती नसणे आणि माहिती शून्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, काहीतरी भरायचे नाही. ऑनलाइन वंशवृक्षांना मात्र रिकामी चौकट सहन होत नाही. ‘संभाव्य वडील’ म्हणून एखादे नाव समोर येते, आपण होकार देतो आणि उद्या तीच नोंद पाचशे जणांच्या वृक्षात जाते. पाचशे प्रती म्हणजे पाचशे पुरावे नव्हेत. तो एकच दावा पाचशे वेळा छापलेला असतो.

जेम्स बून जिथे थांबले तिथून पुढे हे वृक्ष सुसाट सुटतात. आडनावातल्या साम्यावरून बून घराणे नॉर्मन सरदार ‘द बोहुन’ घराण्याला जोडले जाते आणि पुढे थेट राजेरजवाड्यांना. ब्रॅडनिंचचा विणकर, त्याचे लोहार वडील आणि मध्ययुगीन सरदार यांच्यामधल्या शतकांना जोडणारी सलग कागदपत्रे मात्र दाखवली जात नाहीत.

हा हव्यास इंटरनेटने आणलेला नाही. गुस्ताव्ह आंजू नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये धनाढ्य अमेरिकनांना बनावट वंशावळी तयार करून विकत. त्यात खऱ्या नोंदींमध्ये खोट्या नोंदी बेमालूम मिसळलेल्या असत. आंजू यांना निदान पैसे मिळत होते. आज हेच काम आपण फुकटात करतो.

डीएनए चाचणीने सुटत नाही का?

काही अंशी. वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र फारसे न बदलता उतरते. त्यामुळे एकाच आडनावाची दोन घराणी एका पुरुषापासून आली का, हे तपासता येते. पण सात पिढ्या मागे गेलात की पूर्वज होतात १२८. त्यातल्या प्रत्येकाचा तुमच्या डीएनएतला सरासरी वाटा एक टक्क्याहून कमी, काहींचा शून्यही असू शकतो.

जेमिमाचेच उदाहरण घ्या. डॅनियल लांबच्या शिकारीवर असताना तिचा जन्म झाला आणि तिचे वडील डॅनियल यांचे भाऊ होते, अशी वदंता जुनी आहे. आज ती तपासणार कशी? मुलीकडे वाय गुणसूत्र येत नाही. शिवाय सख्ख्या भावांचे डीएनए इतके सारखे, की एवढ्या पिढ्यांनंतर वंशजांच्या लाळेवरून दोघांत फरक करणे जवळजवळ अशक्य. डॅनियल यांनी तिला आपली मुलगी मानले आणि तिच्यासाठी जंगलात धावले. या प्रश्नाची जैविक चौकट रिकामी ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही.

नात्याचे उलट उदाहरणही याच घरात आहे. १७७८ मध्ये शॉनींनी डॅनियल यांना पकडले आणि त्यांचे प्रमुख ब्लॅकफिश यांनी त्यांना मुलगा म्हणून दत्तक घेतले. नाव ठेवले शेल्टोवी, म्हणजे मोठे कासव. काही महिन्यांनी डॅनियल निसटले. शॉनींच्या रिवाजाने ते नाते खरे होते. किती वंशवृक्षांत ब्लॅकफिश दिसतात?

झाडात कोण नाही?

ऑक्टोबर १७७३ मध्ये केंटकीकडे निघालेल्या पहिल्या तुकडीवर हल्ला झाला आणि डॅनियल यांचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. त्याच्या शेवटच्या तासांचे वर्णन आपल्यापर्यंत आले ते लपून वाचलेल्या ॲडममुळे. ॲडम गुलाम होते, सोबतच्या रसेल कुटुंबाच्या मालकीचे. त्यांच्यासोबतचे दुसरे गुलाम चार्ल्स मारले गेले. जेम्सचे खापरपणजोबा आपल्याला नावानिशी माहीत आहेत. ॲडम यांचे आडनावही नोंदलेले नाही.

डॅनियल यांच्याकडेही गुलाम होते, १७८७ च्या सुमारास सात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यात मालकाचे नाव आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण असे. गुलामांची नावे जवळपास नाहीतच. गुलामीतून सुटलेल्या बहुसंख्य माणसांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्याआधीचा माग काढायचा तर बहुतेकदा एकच वाट उरते, ती मालकाच्या कागदांची. मृत्युपत्रात कोणाला कोणता गुलाम दिला, मालमत्तेच्या यादीत कोणाची किंमत किती लावली, कोणती आई कोणत्या मुलासह विकली.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. एखाद्या जुन्या घराण्याच्या पेटीत पडलेले मृत्युपत्र हे फक्त त्या घराण्याचे नसते. वंशज त्यातून आपल्या पणजोबांचे नाव टिपून घेतात आणि खालच्या चार ओळी ‘आपल्याशी संबंध नाही’ म्हणून सोडून देतात. दुसऱ्या एखाद्या कुटुंबासाठी त्या चार ओळी हा पूर्वजांचा एकमेव लेखी पुरावा असू शकतो.

मग करायचे काय?

लायमन ड्रेपर या संग्राहकाने १८५१ मध्ये मिसुरीत जाऊन डॅनियल यांचा धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांच्याकडून दिवसेंदिवस आठवणी उतरवून घेतल्या. ते कागद आज विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक संस्थेत कोणालाही पाहता येतात. त्यात विसंगती आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. पण कोण सांगतो आहे हे लिहिलेले असल्याने तपासणी करता येते.

वंशशोधात एवढी शिस्त पुरेशी आहे. प्रत्येक नात्यापुढे कागद कोणता ते लिहा. कागद नसेल तर चौकट रिकामी ठेवा. आणि कागद सापडला तर आपल्या नावापुरता कापून न घेता पूर्ण पान खुले करा. आपली चौकट रिकामी राहिली तर फार काही बिघडत नाही. आपण अर्धे पान झाकून ठेवले, तर मात्र दुसऱ्या कोणाची चौकट कायमची रिकामी राहू शकते.